अन्यभाषेत अडलो नाही, साक्ष देताना अडलो. हे कृपादानच का?

पपया_नर्सरी

सगळ्यांना जय ख्रिस्त. मी बोलताना अडखळतो, टाइप करताना नाही. त्यामुळे लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

वय ४१, सातपूर एमआयडीसीत फिटर. लहानपणापासून तोतरा. प, क आणि त ही माझी तीन खास अक्षरं. मला पोहे आवडतात, पण टपरीवर मागतो उपमा, कारण 'उ' सुटतो. नवीन नोकरीला लागलो तेव्हा बसमध्ये 'पपया नर्सरी' म्हणावं लागायचं. एका नावात दोन प. कंडक्टर समोर उभा, मागून ढकलाढकली. मी सातपूरचं तिकीट काढायचो आणि उरलेलं चालत जायचो. इथलं टोपणनाव मुद्दाम तेच घेतलंय. लिहायला काय जातंय!

आम्ही शरणपूरकडचे, सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), आजोबांपासून. आमच्याकडे छापलेल्या पुस्तकातून उपासना, ना. वा. टिळकांची भजनं आणि ठरलेल्या जागी आमेन. सगळ्यांबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणताना मी कधी अडत नाही, गातानाही नाही. पण शास्त्रपाठ वाचायच्या यादीत नाव आलं की त्या रविवारी माझी हमखास 'नाइट शिफ्ट' असते. गेली वीस वर्षं.

मेव्हणी अंबडकडच्या एका मंडळीत (चर्चमध्ये) जाते. नाव लिहीत नाही, माणसं प्रेमळ आहेत. दुकानाच्या वरचा गाळा, लोखंडी जिना, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि कीबोर्डचा आवाज असा की छातीत धडधडतं. दोन महिन्यांपूर्वी शुक्रवारी रात्री तिथे उपवास प्रार्थना होती. बायको म्हणाली, चला. गेलो.

साडेदहाच्या सुमाराला पास्टरांनी डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "तोंड उघडा, जीभ सैल सोडा, हालेलूया म्हणत राहा, विचार करू नका." 'ह' मला सोपा जातो. म्हणत राहिलो. आणि मग हालेलूया विरघळलं आणि दुसरंच काहीतरी यायला लागलं. शब्द नव्हते, पण वाहत होतं. यालाच अन्यभाषा म्हणतात, आत्म्याने तोंडी दिलेली, न शिकलेली भाषा. एकदाही खटका नाही. बायको म्हणते दहा मिनिटं, मला दोनच वाटली. आयुष्यात मी सलग एवढा कधीच बोललो नव्हतो. रडलो, हे कबूल करतो.

पुढचं सांगायला लाज वाटते. पास्टरांनी माइकवर जाहीर केलं की बंधूला आत्म्याचा बाप्तिस्मा मिळाला आणि तोतरेपणही गेलं. "या, साक्ष द्या." माइक हातात आला. पहिला शब्द 'प्रभू'. तिथेच अडलो. प-प-प-प... कीबोर्डवाल्यानेही हात थांबवले होते. शंभरेक माणसं माझ्या ओठांकडे बघत होती. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "विश्वास कमी पडला."

घरी आईला सांगितलं. ती कांदा चिरत होती. म्हणाली, "देवाला मराठी येत नाही का?" आणि पुढचा कांदा घेतला.

तर प्रश्न. ते खरंच कृपादान, म्हणजे आत्म्याने दिलेलं दान, होतं का? असेल तर माइकवर कुठे गेलं? आणि तिसरी गोष्ट, जिने जास्त छळलंय: आता मला ते हवं तेव्हा येतं. खात्यात ग्राइंडर चालू असला की त्याच्या घरघरीत मी हळूच सुरू करतो आणि ते येतं. बटण दाबल्यासारखं. आत्म्याचं दान असं बटणावर चालतं का? की मी फक्त एक कसब शिकलोय?

देवळालीची_ताई

प्रेज द लॉर्ड, भाऊ. आधी माफी मागते. "विश्वास कमी पडला" हे वाक्य आमच्या मंडळ्यांमध्ये फार स्वस्त झालंय. माझ्या नवऱ्याला आयसीयूत ठेवलं होतं तेव्हा मलाही एकाने ते ऐकवलं. त्याच रात्री बाहेरच्या बाकड्यावर माझे मराठी शब्द संपले होते, "प्रभू, प्रभू" याच्यापुढे काही सुचेना. पहाटेपर्यंत अन्यभाषेत प्रार्थना केली. काय मागितलं ते मला माहीत नाही. पण मी एकटी नव्हते एवढं माहीत आहे. त्यामुळे कुणी म्हणालं की हे सगळं मनाचे खेळ, तर मी वाद घालत नाही, चहा विचारते.

बटणाचं म्हणाल तर करिंथच्या मंडळीला पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलालाही ते बटणच वाटत असावं! १ करिंथ १४:२८ बघा. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहा, आपल्याशी आणि देवाशी बोला, असं तो सांगतो. गप्प राहणं आपल्या हातात नसतं तर त्याने सांगितलं असतं का? दान देवाचं, तोंड आपलं. सुरू करणं आणि थांबवणं आपल्याकडे असतं.

आणि एक. प्रार्थनेतली भाषा वेगळी आणि सभेत उठून दिलेला संदेश वेगळा. पहिलीला श्रोते लागत नाहीत. तुम्हाला माइक द्यायलाच नको होता. अर्थ सांगणारा कुणी उठला होता का तिथे? नाही ना? मग पौलाच्या हिशेबाने पास्टरांचंच चुकलं.

उगाचच_साधक

१ करिंथ १३:८. भाषा बंद पडतील. पडल्या. विषय संपला.

देवळालीची_ताई

त्याच ओळीत ज्ञानही नाहीसं होईल असं आहे, भाऊ. ते मात्र तुमच्यापाशी अजून शिल्लक दिसतंय.

वाचा_आणि_उच्चार

मी ख्रिस्ती नाही. मैत्रिणीने धागा पाठवला म्हणून लिहितेय. नाशिकमध्येच स्पीच थेरपी करते. श्रद्धेच्या भागात मी पडणार नाही, पण तोतरेपणाबद्दल चार गोष्टी सांगते.

तुमच्या पोस्टमध्ये उत्तराचा अर्धा भाग आधीच आहे. गाताना अडत नाही, सगळ्यांबरोबर म्हणताना अडत नाही, ग्राइंडरच्या घरघरीत अडत नाही. ही तिन्ही अडखळणाऱ्यांच्या बाबतीत नेहमी दिसणारी लक्षणं आहेत. दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळला की अडखळणं जवळजवळ थांबतं. मोठ्या आवाजात स्वतःचं बोलणं नीट ऐकू आलं नाही तरी कमी होतं. एकटं असताना तर बहुतेकांचं खूपच कमी होतं. त्या गाळ्यात सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करत होते, कीबोर्ड वाजत होता, आणि मुख्य म्हणजे कुठलाही ठराविक शब्द 'गाठायचा' नव्हता. अडखळणाऱ्याला पुढे येणारा 'प' दोन शब्द आधीच दिसतो आणि तो धास्तावतो. तिथे पुढे काहीच ठरलेलं नव्हतं. माइकवर हे सगळं उलटलं: शांतता, शंभर डोळे आणि पहिलाच शब्द प. तिथे कुणीही अडलं असतं. विश्वासाचा काही संबंध नाही.

भाषेच्या अंगानेही यावर काम झालंय. विल्यम समारिन या भाषाशास्त्रज्ञाने अशी बोलणी वर्षानुवर्षं ऐकून १९७२ मध्ये मांडलं की त्यांतले ध्वनी बोलणाऱ्याच्या ओळखीच्या भाषांतलेच असतात. लय आणि चढउतार भाषेसारखे असतात, पण व्याकरण सापडत नाही. २००६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अँड्र्यू न्यूबर्ग यांनी अन्यभाषेत बोलणाऱ्या पाच स्त्रियांच्या मेंदूची चित्रं घेतली. तुलना साध्या भक्तिगीतांशी केली होती. गाण्यापेक्षा अन्यभाषेच्या वेळी मेंदूच्या पुढच्या भागातली, म्हणजे हेतुपुरस्सर ताबा ठेवणाऱ्या भागातली हालचाल कमी दिसली. पाचच जणी, त्यामुळे फार ताणू नये. पण "मी बोलत नव्हतो, वाहत होतं" हे तुमचं वर्णन खोटं नाही एवढं म्हणता येतं.

कुतूहल म्हणून विचारते: तुमच्या त्या बोलण्यात प, क, त येतात का?

पपया_नर्सरी

ताई, तुमचा प्रश्न वाचून काल रात्री गच्चीवर फोनवर रेकॉर्ड केलं. बायकोने कागद-पेन्सिल घेऊन ऐकलं (ती एलआयसीचं काम करते, मोजण्यात हयगय नाही). र, ल, श, न, म यांची नुसती रेलचेल. क तीन वेळा, शब्दाच्या मधे. त एकदा. प शून्य.

खरं सांगू, आधी वाईट वाटलं. देवदूतांच्या भाषेत प नसतो की काय! मग दोघं हसत सुटलो. आई खालून ओरडली की एवढ्या रात्री गच्चीवर काय चाललंय.

म्हणजे माझी जीभच आपल्या सोयीची अक्षरं निवडत होती, असं समजायचं का? मग त्यात देवाचं काय राहिलं?

निवृत्त_गुरुजी

बाळा, मी बरीच वर्षं बायबल शिकवलंय, आता डोळे साथ देत नाहीत, नातू टाइप करतोय. चुका त्याच्या.

'देवाचं काय राहिलं' हा प्रश्न उलटा धरलास. पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा अन्यभाषेचा पुरावा काय, हे तो विचारतच नाही. तो विचारतो, उपयोग कुणाला? मंडळीत अन्यभाषेचे दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा समजतील असे पाच शब्द बोललेले बरे, असं तो म्हणतो. आणि तेही "मी तुम्हा सर्वांपेक्षा अधिक अन्यभाषांत बोलतो" हे सांगून झाल्यावर! लगेच पुढे अध्यायाच्या शेवटी भाषा बोलायला मना करू नका असंही. दोन्ही बाजू त्या एकाच माणसाच्या आहेत. बाराव्या अध्यायात तो विचारतो, सगळेच भाषा बोलतात काय? उत्तर 'नाही' असंच अपेक्षित आहे.

आता तुझ्यासाठी एक खास गोष्ट. चौदाव्या अध्यायाच्या एकविसाव्या ओळीत पौल यशया संदेष्ट्याचा आधार देतो. यशया २८ उघड. तिथे तोतऱ्या ओठांनी आणि परक्या भाषेने देव या लोकांशी बोलेल, असं आहे. तोतऱ्या ओठांनी! दारूत झिंगलेले याजक संदेष्ट्याची थट्टा करतात: हा आम्हाला काय शिकवतो, दूध तुटलेल्या पोरांना? नियमावर नियम, नियमावर नियम. इब्रीत ते 'साव लासाव, काव लाकाव' असं बोबडं ऐकू येतं. यशया म्हणतो, बरं, मग आता अश्शूरांची भाषा ऐका, ती तुम्हाला अशीच बोबडी वाटेल. म्हणजे अन्यभाषेवरच्या सगळ्यात मोठ्या अध्यायाच्या मध्यावर पौलाने तोतऱ्या ओठांचं वचन आणून ठेवलंय. मी इतकी वर्षं शिकवलं, पण तुझी पोस्ट ऐकेपर्यंत तो शब्द मला असा टोचला नव्हता.

इतिहासही थोडा सांगतो, कारण आपल्या लोकांना वाटतं हे सगळं अमेरिकेतून टीव्हीवर आलं. अन्यभाषा हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण, ही शिकवण चार्ल्स पारहॅमच्या टोपेकामधल्या बायबल शाळेतली, १९०१ च्या जानेवारीतली, हे खरं. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या सभा १९०६ च्या एप्रिलमधल्या. पण केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन (आत्मिक जागृतीची लाट) सुरू झालं ते १९०५ च्या जूनमध्ये. मुली रात्र-रात्र प्रार्थना करत, आणि पुढे त्यांच्यात अन्यभाषाही आल्या. दौंडच्या अल्बर्ट नॉर्टन यांनी लिहून ठेवलंय की इंग्रजीचा गंध नसलेली बाई इंग्रजीत प्रार्थना करताना त्यांनी ऐकली. रमाबाईंनी हे थांबवलं नाही. पण ज्याला भाषा नाही त्याला आत्मा नाही, असंही त्या म्हणाल्या नाहीत. आणि ती बाई स्वतः त्या काळात काय करत होती? इब्री-ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवत होती. १९२२ मध्ये जाईपर्यंत. एका छपराखाली अन्यभाषाही चालू आणि सोप्या मराठीचा ध्यासही. यात विसंगती आहे असं त्यांना वाटलेलं दिसत नाही.

उलटं उदाहरण आल्फ्रेड गार यांचं. अझुसाच्या सभांत त्यांना भाषा मिळाली, वाटलं ही बंगाली. बायकोला घेऊन कलकत्त्याला आले. बंगाल्यांना अक्षर कळेना. माणूस कोसळला असता. पण गार अन्यभाषेवरचा विश्वास सोडून गेले नाहीत; फक्त ती प्रचारासाठी मिळालेली तयार भाषा आहे हा समज सोडला. तुझ्या पास्टरांनी जाहीर केलं की तोतरेपण गेलं. ते गेलं नाही. म्हणून बाकीचंही खोटं, असं होत नाही. गार यांच्या बाबतीत जे झालं तेच तुझ्या माइकवर झालं.

नातू म्हणतो, आजोबा पुरे. शरणपूरचा आहेस म्हणून एकच. आपल्या त्या मिशनच्या शाळेत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं शिकली, त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी लिव्हिंगस्टनबरोबर होता. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आत खोलवर लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा दफनविधीची प्रार्थना जेकबने वाचली. मूळचा आफ्रिकेतल्या याओ जमातीचा मुलगा, नाशिकला शिकलेला, आणि इंग्रजी पुस्तकातून वाचतोय. कष्टाने शिकलेली परकी भाषा. तिलाही मी दानच म्हणतो.

निफाडची_मावशी

आम्ही कॅथलिक. दरवर्षी फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला पायी येतो. आमच्यातही करिश्मॅटिक, म्हणजे आत्म्याच्या दानांवर भर देणारी, प्रार्थना असते. १९६७ मध्ये अमेरिकेत डुकेन विद्यापीठाच्या पोरांपासून सुरू झाली, आता खेड्यापाड्यात पोचलीय. मला स्वतःला भाषेचं दान नाही आणि त्याचं दुःखही नाही.

फादरांनी एकदा संत ऑगस्टीनचं सांगितलं होतं ते आठवलं. स्तोत्र ३२ वर बोलताना (तुमच्या बायबलात ते ३३ असेल) तो म्हणतो, कापणीला किंवा द्राक्षमळ्यात काम करणारी माणसं गात असतात, मग आनंद इतका होतो की शब्द पुरत नाहीत, तेव्हा ती शब्द टाकून नुसता सूर धरतात. देवापुढे असंच गा, म्हणतो. मी लगेच फादरांना म्हटलं, हा निफाडला येऊन गेला असणार! फेब्रुवारीत आमच्याकडे द्राक्षांची काढणी असते, बाया ओळीने कात्री चालवतात आणि एकीने सूर धरला की बाकीच्या 'हंऽऽ' करतात. त्याला काय शब्द असतात? तोच ऑगस्टीन दुसरीकडे म्हणतो की पेंटेकॉस्टच्या वेळच्या, म्हणजे शिष्यांवर आत्मा उतरला त्या दिवसाच्या, त्या भाषा त्या काळापुरत्या होत्या. म्हणजे एका तोंडाने नाही, दुसऱ्या तोंडाने हो. मोठ्या माणसांचं असंच असतं.

प नाही तर नाही. 'हंऽऽ' मध्ये तरी कुठला प असतो?

पपया_नर्सरी

उशिरा येतोय, मधे दोन आठवडे खात्यात ओव्हरटाइम होता.

गुरुजी, यशया २८ चार वेळा वाचला. नातवाला माझ्याकडून एक उपमा! देवळालीच्या ताई, पास्टरांना जाऊन भेटलो. घरच्या कागदावर लिहून नेलं होतं, तोंडी जमलं नसतं. वाचून ते थोडा वेळ गप्प बसले. "घाई झाली," म्हणाले. अजून काही बोलले नाहीत, पण एवढं पुरलं. ग्राइंडरच्या घरघरीत चालू आहे, सोडलेलं नाही. पाठ घासल्यासारखं बरं वाटतं. यापेक्षा मोठं नाव मी सध्या त्याला देत नाही.

आता घोटाळा सांगतो. भीतीच मोडावी म्हणून आमच्या पाळकसाहेबांकडे गेलो आणि म्हटलं, शास्त्रपाठाच्या यादीत नाव घाला. (अडलो. ते थांबले. मग म्हणाले, घातलं.) घरी येऊन यादी बघितली तर पेंटेकॉस्टचा रविवार. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २. अन्यभाषेचाच पाठ. आणि ज्याने तो वाचलाय त्याला माहीत आहे त्यात काय आहे: पार्थी, मेदी, एलामी, कप्पदुकिया, पंत, फ्रुगिया, पंफुल्या... ती यादी कृत्ये लिहिणाऱ्या लूकने माझ्यासाठीच लिहिली असावी. अख्ख्या बायबलात एवढे प आणि क एका ठिकाणी नसतील.

आई म्हणाली, "नाइट शिफ्ट सांग." मी म्हटलं, नाही.

स्पीच थेरपीवाल्या ताई, तुमचं ते आवाजात आवाज मिसळायचं धरलंय. धाकटी आठवीत आहे, रोज रात्री ती माझ्याबरोबर वाचते, मग हळूहळू तिचा आवाज कमी करते. त्या रविवारीही ती शेजारी उभी राहणार. लागलंच तर बरोबर म्हणेल, पाळकसाहेबांनी हरकत घेतली नाही. पार्थी आता सुटतं. पंतही, दहातून सात वेळा. कप्पदुकियाला अजून गाडी थांबते. आईने उपाय काढलाय की 'कप्पदुकिया' गाऊन म्हण, आणि स्वतः स्वयंपाकघरातून चाल लावून म्हणत असते. अजून अकरा दिवस आहेत.